गुंफा, बंद पत्राचा आपला वाद

गुंफा,

तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी काहीच बोललो नाही. पोरानं मले माईक दिला, मी परत केला. लोकांले वाटलं, बुढ्याचा गळा भरून आला. तसं नव्हतं. तिथं उभा राहिलो असतो तर तुझं सगळं चांगलंच बोलावं लागलं असतं, अन् मले तर तुझ्याशी भांडायचं होतं. म्हणून हे कागदावर लिहून राहिलो. चौथीपर्यंतची शाळा माझी, काना-मात्रा चुकतील, त्या तक्षु दुरुस्त करेल. विहारातले लोक आपल्या अंकात छापू म्हणतात. छापू दे. पण लिहिलं तुले आहे.

तक्षु म्हणजे आपली नात तक्षशिला. तुले काय सांगायचं, पण वाचणाऱ्यांले माहीत नसेल. पोरगा-सून कोरब्याले नोकरीवर, म्हणून पोरगी अकरावीपासून आपल्यापाशी, दुर्गजवळ सुपेल्यात. तिनं इंग्रजीत एम.ए. केलं तोवर मी काही बोललो नाही. मग एक दिवस तू भाजी निवडत होती, मी पेपर पाहात होतो, अन् ती समोर येऊन उभी राहिली.

"आबाजी, मले इंग्रजी वाङ्मयात पीएच.डी. करायची आहे. अमेरिकेत."

"इंग्रजी तर तुले येते," मी म्हणालो. "आता अजून काय शिकते त्यात? बी.एड. कर, शाळेत लाग."

तू मान बी वर केली नाही. "तुमाले ढलाई येत होती ना? मग तीस वर्षं रोज कावून जात होते कारखान्यात?"

पोरगी फिसकन हसली. तिथंच तुमची टोळी जमली, अन् मी पेपरात तोंड घातलं.

मले वाटत होतं, अर्ज म्हणजे एक पान, फोटो चिकटवला की झालं. हा तर टेंडरएवढा निघाला. मले कावून शिकायचं आहे यावर दोन पानं, आपल्या अभ्यासाचा नमुना म्हणून वीस पानं, अन् ज्यांनी शिकवलं त्यांची पत्रं. हे आठ विद्यापीठांले, प्रत्येकाचं वेगळं. तिचा विषय होता जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या गिरणीत राबणाऱ्या बाया. जे लिहिलं ते ती तुले मराठीत सांगे, तू पोळ्या लाटता लाटता ऐके. तुले समजलं नाही ते ती खोडून टाके. हा तुमचा दोघींचा कायदा होता. ज्या फाउंड्रीत मी मोल्डर होतो, साच्यात लोखंड ओतणारा, त्याच फाउंड्रीत तू अकरा वर्षं रेजा, म्हणजे मजूर बाई, म्हणून रेती चाळली होती, म्हणून पोरीले वाटे की या विषयावर आजी बोलली तर ऐकून घ्यावं.

एक दिवस लाटणं थांबवून तू विचारलं, "हे सगळं बरोबर आहे, पण त्या बाया डब्बा कुठं खात?"

"कोणत्या बाया?"

"तुह्या कादंबरीतल्या. सकाळी गेल्या, अंधार पडल्यावर आल्या. मधात काही खाल्लं का नाही? आमी तर रेतीच्या ढिगामागं बसून खाऊ, मुकादम येईपर्यंत."

पोरगी उठून आतल्या खोलीत गेली अन् तीन दिवस तीच पुस्तकं पुन्हा वाचत बसली. चौथ्या दिवशी बाहेर आली. "आजी, खातच नाहीत. पूरी किताब में कोई खाना नहीं खाती. एक चक्कर येऊन पडते, तिले कोणी तरी पाव देते, बस."

"मग लिहिणारा कधी कारखान्यात गेला नाही," तू म्हणाली अन् पुढची पोळी लाटाले घेतली.

तुझ्या त्या एका सवालावर पोरीनं वीस पानं लिहिली. खाली तुझं नाव टाकते म्हणाली तर तू नको म्हणाली, लोक हसतील म्हणून. आता मी इथं टाकतो. कोणाले हसायचं असेल त्यानं हसावं.

आपला वाद लागला तो मात्र एका खुणेवरून. दुपारची वेळ होती, दिवाणावर लॅपटॉप ठेवून ती फॉर्म भरत होती. वाचता वाचता म्हणाली, "इथं विचारते, कॉलेजच्या मॅडम माझ्याबद्दल जे पत्र लिहितील ते पाहण्याचा हक्क मी सोडते का. हो का नाही."

मी पेपर खाली ठेवला. "काय सोडते?"

"हक्क. वो तो बस फॉर्मॅलिटी है, आबाजी. सगळे हो करतात. मग लिहिणारा मोकळं लिहिते, अन् तिकडचा वाचणारा विश्वास ठेवते."

"नाही कर."

"आबाजी, समझो ना."

"भिंतीवर फोटो कोणाचा आहे तो पाहा. ज्यानं आपल्याले हक्क मिळवून दिले त्याच्याखाली बसून तू आपल्या हातानं हक्क सोडून राहिली?"

तू मधात पडली. "अवो, मॅडम काय फोरमन आहे का?"

पोरीले काही समजलं नाही. मले समजलं.

आता लिहितोच. फाउंड्रीत दर मार्चले फोरमन प्रत्येक टेम्परवारी माणसाबद्दल एक चिठ्ठी लिहून पाकिटात बंद करे. त्या चिठ्ठीवर ठरे, कोण परमनंट होईल. पाकिटं ऑफिसात पोचवायले तो मलेच सांगे, माझे पाय जोरात चालत म्हणून. सात वर्षं मी माझं पाकीट माझ्या हातानं नेलं. कधी कधी डिंक बी ओलाच राहे. फोडावंसं वाटे. फोडलं नाही. लोक म्हणतील, इमानदार होता. इमानदारीचं काही नाही, आतलं इंग्रजीत होतं. फोडून मी काय वाचलं असतं? सातव्या वर्षी नवीन मॅनेजर आला, त्यानं जुने कागद काढले अन् मले हिंदीत ऐकवलं. झगड़ालू है, भरोसे का नहीं. दर साली तेच. मी हातमोजे मागितले होते, तेवढंच माझं भांडण. घरी पोराले मी सांगितलं की परमनंट व्हायले मीच नाही म्हणालो. पोरगा अजून लोकांले तेच सांगते, माझा बाप कोणापुढं वाकला नाही म्हणून. खरं फक्त तुले माहीत होतं.

मग तूच सांग, ज्या घरात एकानं वाचता येत नव्हतं म्हणून वाचलं नाही, त्याच घरातल्या पोरीनं, जिले फाडफाड वाचता येते तिनं, लिहून द्यावं की मी वाचणार नाही? माझ्या जिवाले ते लागलं. पण पोरीले मी यातलं काही बोललो नाही. नाही कर, एवढंच म्हणालो, अन् तिनं माझं ऐकलं.

त्या दिवशी संध्याकाळी तू मले पकडलं. "तुमी साचा भरता, लोखंड ओतता. मग थंड व्हायच्या आधी खोलून पाहाता का?"

"साचा माह्या हातचा असते म्हणून थांबतो," मी म्हणालो. "ते पत्र माह्या हातचं नाही."

याले तुझ्यापाशी उत्तर नव्हतं, गुंफा. हे मी लिहून ठेवतो.

पण पुढं जे झालं ते बी लिहिलं पाहिजे. दुर्गच्या कॉलेजातल्या तिच्या इंग्रजीच्या मॅडम, ज्यांनी तिले घडवलं, त्यांनी ती खूण पाहिली अन् तिले म्हणाल्या, "बेटा, मुझ पर भरोसा नहीं है तो किसी और से लिखवा लो." दुसऱ्या एका सरांनी चार ओळी लिहून दिल्या. आठ ठिकाणची उत्तरं आली. आठही ठिकाणी नाही. पोरगी माझं ताट वाढे, पाणी ठेवे, अन् आपलं ताट घेऊन आत जाई. मी म्हणत राहिलो, जागा कमी असतील, तिकडं बी गर्दी असेल. तू एवढंच म्हणाली, "असतील." एवढ्या वर्षांत तू मले पुष्कळ बोलली, पण त्या एका शब्दाएवढं कधी बोलली नाही.

पुढच्या साली पुन्हा तेच फॉर्म. पोरगी तोपर्यंत एका कोचिंगमध्ये इंग्रजी शिकवाले लागली होती. तिनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. "आबाजी, इस बार?"

मी चपला घातल्या अन् चौकात गेलो. टपरीवर दोन तास बसलो. परत आलो तर तुम्ही दोघी मटर सोलत होत्या. कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सांगायची गरजच नव्हती, या वेळी हो केलं हे तुमच्या तोंडावर दिसत होतं. नऊ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. दहाव्या दिवशी तू म्हणाली, "बोलायचं नसलं तर नका बोलू, पण दाढी तर करा. लोक म्हणतील, बुढी गेली वाटते याची."

मी हसलो होतो तेव्हा. तुले पाठ करून हसलो, पण हसलो.

फेब्रुवारीत एका सकाळी पोरगी मोबाईल घेऊन धावत आली. तू भांडे घासत होती.

"आजी, हो गया. पाच सालचं आहे. फी माफ, वरून पगार देतात शिकाले."

"वाच."

"इंग्रजीत आहे, आजी."

"मग काय झालं? पुरं वाच."

राखेचे हात तसेच धरून तू उभी राहिली अन् ती पुरी चिठ्ठी इंग्रजीत ऐकली. विहारात वंदना ऐकते तशी. शब्द समजत नाही, पण एक बी सोडायचा नाही. मी दारात उभा राहून तुमच्याकडं पाहात होतो. माझ्या उभ्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट माझ्या घरात झाली नव्हती, अन् ती माझं न ऐकता झाली होती.

विद्यापीठाचं नाव तुझ्या जिभेवर बसेना, म्हणून तू सगळ्याले सांगत सुटली, पोरगी बर्फाच्या गावाले चालली. दोन दिवसांत सुपेल्याच्या बाजारातली भाजीवाली मले विचारे, "तोर नतनिन बरफ वाले देस जावत हे का, कका?" मी हो म्हणालो अन् दोन किलो वांगी उगाच घेतली. मग सिविक सेंटरले गेलो, मेलचा कागद काढला अन् लॅमिनेट करून आणला.

"आबाजी, ई-मेल कौन लॅमिनेट करवाता है?"

"ज्याच्या घरी येते तो."

तू म्हणाली, "हे तर उघडं आहे ना? सगळ्याले वाचता येते ना? झालं समाधान?"

"मॅडमचं अजून बंदच आहे," मी म्हणालो.

"मरेपर्यंत भांडा," तू म्हणाली.

तसंच झालं.

दवाखान्यातलं मी फार लिहीत नाही. एकच लिहितो. ऑक्सिजनची नळी नाकात, तरी तू त्या नर्सले तक्षुकडं बोट करून सांगत होती, "ये पीएच.डी. करने जाती. सुई बराबर लगाना." नर्सनं पीएच.डी.चा अन् सुईचा काय संबंध हे विचारलं नाही. सुई मात्र बरोबर लावली.

आता माझ्या रागाचं सांगतो. पुण्यानुमोदनाले मॅडम आल्या होत्या. लोक जेवून गेल्यावर माझ्यापाशी खुर्ची ओढून बसल्या. "अंकल जी, पिछले साल अम्मा जी मेरे पास आई थीं. आपको मालूम है?"

मले कुठून मालूम? तू तर मावसबहिणीकडं जातो म्हणून गेली होती. तुझे गुडघे तसे, अन् तू दोन ऑटो बदलून दुर्गले गेली, स्टाफरूमबाहेर बाकावर दीड तास बसली. मॅडम वर्गातून आल्या तशी उठून उभी राहिली अन् तुझ्या त्या हिंदीत म्हणाली, "लड़की का दोष नहीं मॅडम. मेरा आदमी सात साल अपनी बुराई का पाकिट अपने हाथ से ले के गया. पढ़ते नहीं आता था उसको. इसलिए वो ऐसा करता."

मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी मी अम्माजींले वचन दिलं की मीच लिहीन. मग हळूच म्हणाल्या, "वो चिट्ठी मेरे मोबाइल में है. आप कहें तो पढ़ दूँ. अब तो सब हो गया."

मन झालं नाही असं नाही. हात पुढं जात होता. "नको, मॅडम," म्हणालो. "हक उसका था, उसने छोड़ा. मैं बीच में नहीं आता."

मॅडम गेल्या अन् माझ्या अंगाची आग झाली. जे मी सख्ख्या पोराले सांगितलं नाही ते तू एका परक्या बाईले स्टाफरूमबाहेर उभी राहून सांगितलं. माझी लाज माझी होती, गुंफा. ती कोणापुढं खोलायची हे मी ठरवलं असतं. अन् राग काढू कोणावर? फोटोवर? दोन दिवस मी तुझ्या फोटोसमोरून मान खाली घालून गेलो.

तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना ऑटोत चढत होतो. पायरी उंच, गुडघा वाजला. तेव्हा ध्यानात आलं की तू अशा चार पायऱ्या चढली-उतरली होती, दोन जाताना अन् दोन येताना. मॅडमले वाटत होतं, पोरीचा आजा अडाणी, संशयी माणूस आहे. तू जाऊन सांगितलं की तसं नाही, त्याले कारण आहे. सात वर्षं माझ्याविरुद्ध लिहिल्या गेलं, तेव्हा माझ्या बाजूनं कोणी एक शब्द बोललं नव्हतं. चाळीस वर्षांनी का होईना, कोणी बोललं, ते तू बोलली. घरी आलो अन् फोटोकडं नीट पाहिलं. राग गेला नाही, पण त्याले बसाले जागा राहिली नाही.

मॅडम बोलत होत्या तेव्हा तक्षु चहाचा ट्रे घेऊन मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. चार दिवसांनी, सकाळी, ती माझ्यासमोर वेताच्या मोढ्यावर येऊन बसली.

"आबाजी, मी नाही जात. मेल लिहिला आहे. भेजना बाकी है."

"कावून?"

"बस, यूँ ही. पुढं पाहू."

"त्या मेलात माझं नाव आहे का?"

तिनं मोबाईल मांडीवर उलटा ठेवला.

"आहे ना?"

"हो."

"मग मले ऐकायचा हक्क आहे. वाच."

तिनं इंग्रजीत वाचलं. मी पुरं ऐकलं. मग म्हणालो, आता मराठीत सांग. तिनं सांगितलं, खाली पाहून. माझी आजी वारली. माझे आजोबा म्हातारे आहेत, ते एकटे राहू शकत नाहीत, त्यांना माझी गरज आहे.

"खोटं आहे," मी म्हणालो.

"आबाजी, सच है."

"भात कोण करून राहिलं आठ दिवसांपासून?"

"तुम्ही."

"कच्चा राहिला?"

"एक दिन."

"एक दिन तुझी आजी बी ठेवे. काट ते. माझ्याबद्दल इंग्रजीत खोटं लिहून साहेबांकडं पाठवायचं, हे एकदा झालं आहे. आता नाही होऊ देत."

ती रडाले लागली. तुझ्यासारखी नाही रडत ती, आवाज करून रडते. मग जे माझ्या तोंडून निघालं ते मी ठरवून बोललो नव्हतो.

"एक साल तुझं मी घालवलं, पोरी. दुसरं नाही घालवत."

हे वाक्य तुले ऐकायचं होतं, गुंफा. वर्षभर तू वाट पाहिली, मले माहीत आहे. "असतील" म्हणाली तेव्हा बी तू याचीच वाट पाहात होती, अन् मटर सोलताना बी. दवाखान्यात एकदा तू माझ्याकडं पाहात राहिली होती, तेव्हा बोलायले पाहिजे होतं. बोललो नाही. उद्या बोलू म्हणालो मनात. तुझ्यापुढं हरणं मले कधी जमलं नाही, अन् तू बी मले कधी हरवून सोडलं नाही. याचं मले वाईट वाटते. एवढंच एक वाईट वाटते, बाकी तुझ्यासंग जे जगलो त्याचा मले गर्वच आहे.

तिनं माझ्यासमोर तो मेल पुसला. मग ओढणीनं नाक पुसून म्हणाली, "पण मॅडमचं पत्र न पाहणंच बरोबर होतं, एवढं तर माना."

"नाही मानत."

"आजी सही थी."

"तुझी आजी भली होती. भली असणं वेगळं, बरोबर असणं वेगळं."

"कसं वेगळं? समजावून सांगा."

मी समजावाले बसलो. तिनं माझे तीन मुद्दे उडवले. चौथा अजून उभा आहे. जेवण दोन वाजता झालं. ऑगस्टात ती जाईल, अन् दर रविवारी फोनवर भांडायचं ठरलं आहे. तुझी बाजू तिनं घेतली आहे, अन् तुझ्यापेक्षा चांगली मांडते. मी अजून हरलो नाही, पण आता सांभाळून बोलावं लागते.